सहा तुकड्यांचा शब्द

माझ्या लग्नाची गोष्ट एका इंग्रजी शब्दापासून सुरू होते, आणि तो शब्द मी आजही, ह्या वयात, पुढचे दोन दात पडलेले असताना, गाढ झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. इलेक्ट्रोमॅग्नेटिक. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं घरी यावं, चहा प्यावा आणि ऐकून जावं. माझा धाकटा नातू म्हणतो, "आबा, त्यात काय एवढं, आमच्या पुस्तकात पानोपानी हाय." असेल. त्याला तो शब्द फुकटात मिळाला. मला तो मिळवावा लागला, आणि त्याच्यासोबत काय मिळालं ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. माझी शाळा म्हणाल तर उर्दू दुसरी, तीही अर्धी. मास्तरांनी एकदा माझा कान माझ्या चुकीपेक्षा जास्त पिळला, मी पाटी उचलली आणि घरी आलो. मास्तर दोनदा बोलवायला आले. मी गेलो नाही. मास्तर वारले, निजाम गेला, ती शाळाही पडली, मी अजून गेलेलो नाही.

आमचं गाव पूर्णेच्या टेसनापासून कोसभर. घरात कोरडवाहू तुकडा, दोन बैल आणि म्हशी. म्हशींवर मायचा जीव आणि नानांचा राग, कारण ज्वारीचा कडबा म्हशी खात आणि बैल बघत राहत, असं नानांचं म्हणणं. सकाळी जात्याची घरघर थांबली की रवीची घुसळण सुरू होई. माय ताक करताना दोरीच्या प्रत्येक ओढीला काहीतरी बोलत असे, कधी देवाला, कधी शेजारणीला, कधी आम्हाला. मग ती मला चुलीपुढं बसवून तव्यावरचं गरम धपाटं हातावर टाकी, वर लोण्याचा गोळा, आणि मी ते फुंकत फुंकत खात असतानाच चरव्या भरे. दूध घेऊन मी टेसनावरच्या क्वार्टरांत जात असे. गाड्यांच्या शिट्ट्या आमच्या गावापर्यंत ऐकू येत. माय तर शिट्टीवर भाजी उतरवायची.

नानांनी माझ्यासाठी सोयरीक बघितली ती पोखर्णीच्या अंगाला. मुलीचे वडील रंगनाथराव, शेतीवाडीनं आमच्यापेक्षा बरे, बोलायला मोकळे. मुलगा दिगंबर परभणीच्या शाळेत मॅट्रिकला, आणि मुलगी गोदावरी, घरात गोदी. आम्ही बैलगाडीनं गेलो. ओसरीवर सतरंजी, गुळाचा चहा, मग जेवण. येसरची आमटी इतकी झणझणीत होती की नानांनी पहिल्या घासालाच मुलगी पसंत केली, असं मी पुढं गमतीनं म्हणत असे. जेवणं झाली, पानाचं ताट आलं. आमच्याकडं रीत अशी की दोन्हीकडून हो म्हटलं की मुलीच्या बापानं सगळ्यांदेखत सुपारी फोडायची. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी मागं फिरायचं नाही. फुटलेल्या सुपारीवरून मागं फिरलेल्या घराशी पुढं कुणी पंगत करत नसे. रंगनाथरावांनी सुपारी उचलली, तेवढ्यात दिगंबर म्हणाला, "दादा, थांबा."

"काय झालं?"

"पोरगा शिकलेला न्हाई."

"मग? नांगराला काय मॅट्रिक लागती?"

"आपली गोदी सातवीपातूर शिकली. मी तिला घरी शिकिवलं. परभनीला माझ्या वर्गातल्या एकाचं स्थळ हाय तिच्यासाठी."

नाना बसल्या जागी लाल झाले. मी त्यांच्याही आधी झालो. मी म्हणालो, "शिकून काय दिवे लावता तुमी? सांगा तर खरं!" हे बोलायला नको होतं असं नाना परतीच्या वाटेवर म्हणाले. मला अजून तसं वाटत नाही. दिगंबर हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला नव्या नव्या ज्ञानाची नशा चढलेली होती, आणि ती त्याला एकट्याला पचत नव्हती. तो म्हणाला, "दिवे? विजेचे लावू. आमच्याकडं एक शब्द हाय. इलेक्ट्रोमॅग्नेटिक. म्हना बरं."

मी जोरात सुरुवात केली. "इलेक्टर..." पुढं जीभ टाळूला चिकटली. "इलेट्रोमॅग... मॅंगटे..." आणि मला घाम फुटला. ओसरीवरचे सगळे खाली बघायला लागले. दाराआडून मात्र हसू आलं. आधी दाबलेलं, मग नाकातून सुटलेलं, मग पदर तोंडात धरूनही आवरेना असं. ती गोदा. मी तिला तोवर धड बघितलंही नव्हतं, पाण्याचा तांब्या ठेवताना हात तेवढा दिसला होता. पण ते हसू ऐकून मी ठरवलं की हे हसू आपल्याच घरात पाहिजे. परभणीच्या त्या मॅट्रिकवाल्याच्या घरात ते गेलं तर मी टेसनावर दूध घालायचं सोडून देईन. ह्या धमकीचा कुणाला काय फरक पडणार होता हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी म्हणालो, "शर्त लावा."

दिगंबर म्हणाला, "लावली. तुमी नरसिंहाच्या यात्रेला पोखर्नीला येनारच. तव्हा इथं या. ह्या ओसरीवर, चार मान्सांपुढं हा शब्द म्हना. म्हटला तर मी सोता सुपारी दादांच्या हातात देतो. न्हाई म्हटला तर परभनीचं स्थळ."

रंगनाथरावांनी दोघांकडं बघितलं, सुपारी परत ताटात ठेवली, आणि म्हणाले, "ह्या पोरांनी लग्नाचा इम्तिहान केला, बापा."

घरी आल्यावर मी कामाला लागलो. आम्ही निघताना दिगंबरनं तो शब्द दोनदा म्हणून दाखवला होता, पण कोसाकोसाला तो माझ्या डोक्यातून सांडत आला आणि घरी पोचलो तेव्हा हाती फक्त 'इले' उरलं होतं. मी ते 'इले, इले' करत गोठ्यात फिरायचो. माय नानांना म्हणाली, "पोराला वारं लागलं वो." तिनं मीठ-मोहऱ्या घेतल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. तडतड झाली. मी म्हणालो, "माय, नजर न्हाई लागली, लग्नाचा शब्द हाय." ती म्हणाली, "लग्नाचे शब्द बामन म्हनतो रे, आपन नुसतं उभं ऱ्हायचं."

शेवटी मी हमीदसाबांकडं गेलो. टेसनावरच्या तारघरात ते तारबाबू होते. जाडे, पान खाणारे, हसले की आधी पोट हसे आणि मग तोंड. मी दुधाची चरवी ठेवली आणि विचारलं, "साब, विजेचा आन् चुंबकाचा मिळून एक इंग्रजी शब्द हाय, लय लांब. तुमाला येतो का?"

"इलेक्ट्रोमॅग्नेटिक?" त्यांनी पान न थुंकता म्हटलं. सहज. जसं मी 'म्हैस' म्हणतो.

मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. कशासाठी पाहिजे ते विचारल्यावर मी सगळं सांगितलं, दाराआडच्या हसण्यासकट. हमीदसाब इतके हसले की तारेचा निरोप येत होता तो त्यांना पुन्हा मागवावा लागला. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि टेबलावरचं यंत्र दाखवलं. लोखंडाच्या दांडीभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, वर एक पट्टी. लांबून कुणी कळ दाबली की पट्टी खाली बसे, टक्क, आणि सोडली की वर उडे. "देख," ते म्हणाले, "बर्क आई तो लोहा मकनातीस. बर्क गई तो फिर लोहे का लोहा. समझा? इलेक्ट्रो बोले तो बर्की. मॅग्नेट बोले तो मकनातीस." बर्क म्हणजे वीज आणि मकनातीस म्हणजे चुंबक, एवढ्याला माझी अर्धी उर्दू दुसरी पुरली.

"आन् ते मागचं 'इक'?"

"वो तो दुम है. तुम्हारी मराठी में भी होती. लोखंड का क्या बनता?"

"लोखंडी."

"हौ. उसमें की 'ई'. बस वहीच 'इक'."

मी बसल्या जागी थक्क झालो. लोखंड-लोखंडी, रेशीम-रेशमी, बाजार-बाजारी. हे मी जन्मभर बोलत होतो आणि त्याला शेपूट असतं हे मला ठाऊक नव्हतं. इंग्रजाच्या शब्दालाही आपल्यासारखंच शेपूट लावतात हे कळल्यावर इंग्रजाचा धाक निम्मा कमी झाला. बाहेर येऊन मी दिसेल त्या गोष्टीला शेपूट लावत सुटलो. डबा-डबी. इथं नानांनी सांगितलं असतं की हे चुकलं, पण नाना तिथं नव्हते.

अर्थ कळला, तोंड मात्र वळेना. हमीदसाबांनी बोटं मोजून दाखवली. "माने के तुकडे तीन. मुँह के तुकडे छे. इ, लेक्, ट्रो, मॅग्, ने, टिक." आणि इथं एक गंमत आहे जी मला आजही आवडते. अर्थ तोडायचा तर 'मॅग्नेट' एकीकडं आणि 'इक' एकीकडं. पण तोंड तिथं तुटतच नाही. तोंडाला 'टिक' एका घासात लागतं, तो 'ट' ते चुंबकाकडून ओढून शेपटाला देऊन टाकतं. जोर द्यायचा 'ने'वर. बाकीच्यांवरून हलकं चालायचं, 'ने'वर पाय रोवायचा. मी 'इले'वरच सगळा जोर संपवत होतो, म्हणून पुढं धाप लागत होती.

तरी जमेना. पुढून सुरुवात केली की 'ट्रो'पाशी गाडी घसरायची. हमीदसाब वैतागून खिडकीशी उभे राहिले. बाहेर यार्डात शंटिंग चाललं होतं. इंजिन मालडबे ढकलत होतं, शंटर हिरवं फडकं हलवत होता, डबे एकमेकांना जाऊन लागत होते, धाड, धाड. सगळ्यात मागं गार्डाचा डबा आधीच उभा होता, आणि त्याला पुढचे एकेक येऊन जुळत होते. हमीदसाब एकदम वळले. "अरे मारोती! पीछे से जोड! पहले गार्ड का डब्बा!"

टिक. नेटिक. मॅग्नेटिक. ट्रोमॅग्नेटिक. लेक्ट्रोमॅग्नेटिक. इलेक्ट्रोमॅग्नेटिक.

पहिल्याच फेरीत आलं. प्रत्येक वेळी पुढचा डबा नवा आणि मागची गाडी ओळखीची, त्यामुळं जीभ घाबरत नव्हती. मी तारघराच्या दारात नाचलो. हमीदसाबांनी फडकं म्हणून रुमाल हलवला. दोन प्रवासी बायका लगबगीनं दुसऱ्या फलाटावर गेल्या.

त्या दिवसापासून यात्रेपर्यंत आमच्या घरात तो शब्द उठता-बसता होता. मी म्हैस पिळताना तो मागून जोडत म्हणायचो, धारेच्या तालावर. म्हशीला सवय अशी लागली की एकदा मी तापानं पडलो तर ती मायला पान्हा सोडेना. माय थोपटून थकली, पेंड घालून थकली, शेवटी ओसरीकडं तोंड करून ओरडली, "मारोत्या, काय म्हनतोस रे तू हिला?" मी पडल्या पडल्या सांगितलं. मायनं पदर कमरेला खोचला आणि म्हशीच्या कानाशी म्हणाली, "टिक, नेटिक." आणि धार लागली. नाना सांगायचे की आमच्या गावात इंग्रजी पहिल्यांदा समजली ती म्हशीला.

यात्रेला आम्ही गेलो. नरसिंहाचं दर्शन घेतलं, मायनं नारळ फोडला आणि देवाला काय सांगितलं ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. दुपारी रंगनाथरावांच्या ओसरीवर बसलो. चार माणसं म्हटली होती, आली चाळीस. यात्रेला आलेले पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, झाडाखाली ऊन टाळणारे, सगळे. शर्तीची बातमी पंचक्रोशीत फिरली होती. दिगंबर नवा सदरा घालून बसला होता. रंगनाथरावांनी ताटातली सुपारी घेतली, अडकित्त्याच्या तोंडात धरली आणि म्हणाले, "पोरानं शब्द म्हटला की फोडतो. न्हाई म्हटला तर परत ताटात. बोल रे मारोती."

मी उभा राहिलो. चाळीस तोंडं वर झाली. दार किलकिलं झालं. आणि माझ्या तोंडात काही नाही. 'इ' नाही, 'ले' नाही. मला तो शब्द पुढून कुठून सुरू होतो हेच आठवेना.

"बोला की," दिगंबर म्हणाला.

"बोलतो. पर माझ्या रीतीनं बोलतो."

"कोनती रीत?"

मी डोळे मिटले, खांद्यावरचं उपरणं काढून शंटरच्या फडक्यासारखं हातात धरलं आणि म्हणालो, "टिक."

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. "नेटिक." मागं कुणीतरी खुदकन हसलं. "मॅग्नेटिक." उपरणं हलवत मी पाय आपटला. "ट्रोमॅग्नेटिक..."

"थांबा!" दिगंबर उठला. "हे उलटं हाय. शर्त सरळ म्हनायची होती."

ओसरीवर गलका झाला. एक पाहुणे म्हणाले, "कडब्याची गाडी मागून भरली म्हून काय कडब्याची न्हाई का ती?" दुसरे म्हणाले, "आरं पर पोचायला पायजे का न्हाई?" तिसऱ्यानं विचारलं, हे नेमकं काय विकायचं आहे. नाना म्हणाले, "त्याला पुरं करू द्या, मग भांडा." मला राग आला होता. राग आला की मी थांबत नाही. मी पुन्हा गार्डाच्या डब्यापासून सुरुवात केली, जोरात, पाय आपटत, आणि ह्या वेळी ओसरी माझ्यासोबत आली. चाळीस माणसं मांडीवर थाप मारायला लागली. टिक! नेटिक! मॅग्नेटिक! आतून बायकांच्या बांगड्यांचा ताल आला. दिगंबर "उलटं हाय, उलटं हाय" असं ओरडत होता, तेही तालात. आणि रंगनाथराव, ज्यांना भजनात टाळ नसला की अडकित्ता वाजवायची जन्माची खोड होती, ते डोळे मिटून मान हलवत होते, हातातला अडकित्ता तालावर उघडत होते, मिटत होते. मी 'ट्रोमॅग्नेटिक'ला आलो, 'ने'वर पाय रोवला, सगळ्या ओसरीनं एकदम थाप मारली, आणि

कट्ट.

सुपारीची दोन अर्धुकं सतरंजीवर पडली. एक घरंगळत नानांच्या गुडघ्याशी येऊन थांबलं.

रंगनाथरावांनी डोळे उघडले. अडकित्त्याकडं बघितलं, खाली बघितलं, पुन्हा अडकित्त्याकडं बघितलं. दिगंबर म्हणाला, "दादा! आजून शब्द पुरा झाला न्हाई! अर्ध्यावर हाय!"

"व्हय रे," रंगनाथराव हळूच म्हणाले.

"मग? चुकून फुटली. दुसरी घ्या!"

रंगनाथरावांनी ती दोन्ही अर्धुकं उचलली, तळहातावर एकमेकांना लावून बघितली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं म्हातारा रडतो आहे. तो हसत होता. "शब्द ऱ्हायला असंल, दिगंबरा," ते म्हणाले, "सुपारी कुठं ऱ्हायलीय?" मग माझ्याकडं वळले. आतापर्यंत 'पोरा' आणि 'मारोती' म्हणणारा तो माणूस मला म्हणाला, "जावाईबापू, तेवढा उरलेला शब्द पुरा करा म्हंजी आमचं पोरगं बी गप बसंल."

ओसरी फुटली. कुणी हसतंय, कुणी नानांना मिठी मारतंय, आतून साखरेचं ताट आलं, यात्रेतला कुणाचातरी हलगीवाला न बोलावता वाजवायला लागला. दिगंबर माझ्यासमोर आला, हसू दाबत, आणि म्हणाला, "म्हना आता." मी छाती भरून घेतली आणि म्हटला. पुढून. सरळ. सहाही तुकडे जागच्या जागी, जोर 'ने'वर, शेपटासकट. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी पुढून म्हटला, आणि माझ्या मते तेवढा चोख तो पुढं कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, हमीदसाबांच्याही नाही.

पण हलगी चालू होती. दिगंबरनं कानाला हात लावून "आँ?" केलं आणि तेवढ्यात कुणीतरी त्याच्या तोंडात साखर कोंबली. नानांनी ऐकला नाही. रंगनाथरावांनी ऐकला नाही. मी म्हटला होता, हे मी इथं लिहून ठेवतो. दिगंबर मरेपर्यंत म्हणत राहिला की शर्त मी हरलो. गोदाला विचारावं तर ती अजूनही ज्वारी निवडता निवडता हसते, तशीच, आधी दाबून आणि मग नाकातून, आणि म्हणते, "मी दाराशीच हुते. मला निस्ता अडकित्ता ऐकू आला."